शहाडच्या शाळेतला कुंकू लावलेला मायक्रोस्कोप

"तुम्ही तपासायला चाललात की भेटायला?" निघताना बायकोने विचारलं. "दोन्ही," असं म्हणून मी सटकलो. खरं तर तपासायलाच निघालो होतो. नोकरीत तीस वर्षं मापयंत्रं तपासली, ती खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

आम्ही पाच निवृत्त मंडळी डोंबिवली आणि शहाडच्या दोन पालिका शाळांत विज्ञानाचा उपक्रम चालवतो. प्रयोगसाहित्याची पेटी द्यायची, शिक्षकांना ती वापरायला शिकवायचं आणि दर महिन्याला रिपोर्ट मागवायचा. शहाडहून दिवाळीच्या आधीपासून रिपोर्ट नव्हता. पेटी वापरात नसेल तर परत आणायची, असं आमचं ठरलेलं. पेटी गेली की तिथली प्रयोगाची खोलीही जाणार होती, कारण मोडके बाक ठेवायला मुख्याध्यापकांना जागा हवीच होती.

असा फेरा कुणाला मारायचा असेल तर सांगतो. ठाण्यात आमच्या नौपाड्यातून स्टेशनला चालत जा. सकाळी कल्याणच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत चक्क खिडकी मिळते. डोंबिवलीला पूर्वेला उतरून शेअर रिक्षा घ्या आणि सुटे पैसे हातात ठेवा, नाहीतर रिक्षावाल्याचं प्रवचन ऐकावं लागतं. मी तिथे मिसळ खाल्ली आणि दुपारसाठी पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आणि मटकीची उसळ बांधून घेतली. ज्याला घरचं जेवण सोडवत नाही त्याने डोंबिवलीतच हिंडावं.

डोंबिवलीच्या शाळेत मात्र माझं डोकं फिरलं. दोन लोहचुंबक गायब, थर्मामीटर फुटलेला, एका वायरीचं तोंड जळून काळं झालेलं. तिथले तरुण सर हसत म्हणाले, "वापरलं की तुटतंच ना सर." मी वहीत लाल पेनाने 'निष्काळजी' असा शेरा मारला.

शहाड हे कल्याणच्या पुढचंच स्टेशन, पण कसाऱ्याच्या गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा मी कल्याणहून रिक्षा केली. तिथे विज्ञान शिकवणाऱ्या भोईर मॅडमनी खोली उघडली आणि मी गारच झालो. फरशी लख्ख, पेटीतली एकेक वस्तू जागच्या जागी. भिंतीवर मीच गेल्या वर्षी लॅमिनेट करून दिलेले चौदा नियम. शेवटचा नियम ठळक अक्षरांत: वस्तू फुटल्यास नवीन मिळणार नाही.

टेबलावर मायक्रोस्कोप होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा वाळलेला हार आणि डोळा लावायच्या काचेवर कुंकवाचं बोट.

"खंडेनवमीला पोरांनी पूजा केली," मॅडम म्हणाल्या. "कपाळ कुठलं ते कळेना, मग वरची काच धरली."

"दसऱ्याला होऊन गेले की महिने. तेव्हापासून वापरला नाही?"

"खोटं कशाला सांगू सर, त्याच्या आधी पण नाय वापरला. फुटला तर तुम्ही दुसरा देणार नाय. मग पोरांना दाखवायला तरी असू दे म्हटलं. आणि रिपोर्टमध्ये काय लिहू? या महिन्यात पण हात लावला नाय, असं?"

मी नियमांकडे बघितलं. मला लाज वाटली. त्या बाई माझंच ऐकत होत्या.

सातवीच्या मुलींना बोलावलं. मी काच पुसायला रुमाल काढला तर रुचिता नावाची मुलगी म्हणाली, "काका, पुसू नका ना. ते कुंकूच बघूया."

तिनेच ते कागदाच्या कडेने खरवडून काचपट्टीवर घेतलं. काच साफ करून मी आरसा उजेडाकडे वळवला आणि बाजूला झालो.

रुचिताने काचेला डोळा लावला. मग म्हणाली, "हे तर खडे आहेत. आई रोज खडे लावते कपाळाला?"

मग रांग लागली. कुणाला हळद बघायची होती, कुणाला स्वतःचा केस. एकीने उल्हास नदीचं पाणी आणायचं कबूल केलं. मॅडम शेवटी उभ्या राहिल्या आणि सर्वांत जास्त वेळ त्यांनीच घेतला.

नियमांचा तक्ता मी भिंतीवरून काढला, उलटा केला आणि मार्करने लिहिलं: 'फुटलं तर कळवा. दुसरं देऊ.'

"सही करा सर," मॅडम म्हणाल्या. "तारीख पण टाका."

मी दोन्ही केलं. मग व्हरांड्यात बसून आम्ही माझी उसळ आणि त्यांची तांदळाची भाकरी वाटून खाल्ली. या फेऱ्यातलं ते सर्वांत चांगलं जेवण. अंधार पडायच्या आत मी घरी होतो.

आठवड्याने मॅडमचा रिपोर्ट मोबाइलवर आला. बायकोला मोठ्याने वाचून दाखवला: 'नदीचं पाणी पाहिलं. त्यात काहीतरी पळत होतं. मुलींनी त्याचं चित्र काढलंय. तीन काचपट्ट्या फुटल्या. दुसऱ्या द्या.'

मी वही काढली आणि डोंबिवलीपुढचा लाल शेरा खोडला.