तुळशीतला तांब्याचा पत्रा

मुलांनो, तुमचं पत्र परवा मिळालं. थोरल्याने हॅम रेडिओचा परवाना काढला आहे आणि आता बाल्कनीत छोटी अँटेना उभी करणार, हे वाचून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण थोरल्या, शेवटी तू लिहिलं आहेस, "अर्थिंगचं काहीतरी जुगाड करीन." ती ओळ मी दोनदा वाचली. इतकी वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आता सांगते. मराठी अडलं तर आईला विचारा.

तुमचे आजोबा दिवसा कारकून आणि बाकीचा वेळ रेडिओवाले, दूरदूरच्या लोकांशी संचावरून बोलणारे. लष्करी भंगारातून आणलेला एक जुना संच त्यांनी दुरुस्त करून घेतला होता. झाशीतलं आमचं घर दाटीतलं, लांब तार ताणायला जागा नाही. म्हणून गच्चीवर दीड पुरुष उंचीची तांब्याची नळी उभी केली आणि तिच्या बुडाशी जाड तारेचे वेढे घातले. ते वर एकेक वेढा सोडून चिमटा लावत, मी खाली खोलीत मीटरपाशी बसून काटा वाचत असे. काटा जितका खाली, तितकी अँटेना जुळलेली.

"उतरला. अजून उतरला. आता चढला," मी खालून ओरडायची.

शेजारच्या काकी भिंतीवरून विचारायच्या, "भाभीजी, सुबह-सुबह किसको उतार रही हैं?"

"काँटे को."

"तो भाईसाहब को भी उतार लीजिए, चाय ठंडी हो गई."

अँटेना जुळायची, पण आजोबांनी संचाला हात लावला की काटा पुन्हा हलायचा. मायक्रोफोनला ओठ लागला तर मुंगी चावल्यासारखं व्हायचं. इंग्रजी पुस्तक मीच वाचून दाखवत असे. त्यात लिहिलं होतं की संचाला अर्थिंग नसलं की असं होतं, आणि अर्थिंगची जमीन कायम ओली हवी. आमच्या अंगणात सगळी फरशी, आणि जिथे फरशी नव्हती तिथे पहार दोन वीत गेली की खडकावर खणकन आपटायची.

"या घरात बारा महिने ओली माती एकच आहे," मी म्हणाले. "आईंच्या तुळशीची."

आजोबांनी हातातली पहार खाली ठेवली. मग म्हणाले, "आईला विचारायला हवं."

"विचारलं तर नाहीच म्हणतील. अर्थिंगचा तांब्याचा पत्रा मातीखाली जाईल, त्यांना दिसणारसुद्धा नाही."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. त्या शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेल्या तेव्हा आम्ही तांब्याचा पत्रा तुळशीत पुरला आणि त्याची तार संचाला जोडली. काटा खाली आला. मी वहीत तारीख घालून नोंद केली आणि खाली रेघ मारली.

तुळशीवृंदावन कमरेइतकं उंच होतं, विटा-चुन्याचं, फरशीवर बांधलेलं. त्यातली माती कुठेच जमिनीला टेकत नव्हती. ती एक मोठी कुंडी होती. घरातला डबान् डबा लेबल लावून ठेवणाऱ्या मला हे दिसलं नाही. काटा उतरला तो मातीमुळे नाही, पत्र्यापासून संचापर्यंतच्या लांब तारेमुळे, हे फार पुढे कळलं.

एका रविवारी सकाळी आजोबा खोलीत रेडिओवर बोलत होते. सासूबाई न्हाऊन ओलेत्याने तुळशीपाशी गेल्या. पाणी घातलं की तिथली चिमूटभर माती कपाळाला लावायची, हा त्यांचा नेम. मी पोळ्या लाटत होते. तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

बाहेर गेले तर त्या आडव्या पडलेल्या. उजव्या हाताची बोटं वळलेली, बोटांना ओली माती. वृंदावनावरचं निरांजन कलंडलं होतं. सांगायला लाज वाटते, मी आधी ते सरळ करायला हात घातला. माझं बोट मातीला लागलं आणि कोपरापर्यंत झटका बसला. कुठून आला हे मला त्याच क्षणी कळलं.

"अहो, मेन बंद करा," एवढंच मला ओरडता आलं.

सिव्हिल लाइन्समधून डॉक्टर आले. आजोबांनी त्यांना दाराबाहेर खरं सांगितलं. आत सासूबाईंपाशी मात्र आम्ही ते लपवलं. दुपारी सासूबाईंनी डोळे उघडले.

"तुळशीनं मला ढकललं, सूनबाई. माझं काय चुकलं?"

मी त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.

पत्रा आम्ही गुपचूप काढून टाकला. तीन दिवस सासूबाई अंगणाकडे पाठ करून निजल्या होत्या. पाणी मी घालत होते. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तुळस काकींना देऊन टाक. माझा हात चालत नाही तिला."

तेव्हा मला राहवलं नाही. "आई, तुळशीनं ढकललं नाही. मातीत आम्ही तांब्याचा पत्रा पुरला होता, रेडिओची तार जोडून. त्यातून वीज आली. जागा मी दाखवली. तुम्हाला विचारायचं नाही, हेही मीच म्हटलं."

त्यांनी कूस वळवून माझ्याकडे तोंड केलं.

"तीन दिवस मी तिची माफी मागते आहे," त्या म्हणाल्या. "आणि तू तिला पाणी घालत होतीस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंत धरून उठल्या, अंगणात गेल्या, तुळशीला हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओलीच जमीन हवी होती ना? मोरीचं पाणी जातं तिथे अळू आहे. खाली दगड नाही तिथे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मिस्त्रीला संचाचा ट्रान्सफॉर्मर आतून जळालेला सापडला. मेनची वीज संचाच्या लोखंडी पेटीत आणि तिथून तारेने तुळशीत येत होती. खरं अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. ट्रान्सफॉर्मर बदलला आणि अळवात पुरुषभर लांबीचा तांब्याचा रॉड ठोकला. तो कुठेही न अडता खाली गेला. ओठाला मुंगी पुन्हा चावली नाही.

तुमच्या बाल्कनीत जमीन नाही. जुगाड करू नका. तिथल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि इमारतीत जे जुने राहतात त्यांना विचारा.

सासूबाई पुढे बरीच वर्षं होत्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत, आणि त्याच हाताने त्या तुळशीची माती कपाळाला लावत राहिल्या. आता संच नाही, गच्चीवरची नळी नाही, आजोबाही नाहीत. तुळस आहे, आणि अळवातला रॉड आहे.