एकोणीस नंबरचा महालिंग

शाहूपुरीतलं प्रभुलिंगचं डीटीपीचं दुकान म्हणजे पीएचडीवाल्यांचं शेवटचं ठाणं. मार्गदर्शकांनी सही केली की प्रबंध थेट इथं. समास, पानांचे नंबर, शेवटची संदर्भांची यादी, सगळं हा लावून देणार. तीस वर्षांत एक तक्रार न्हाय, असं तो छाती काढून सांगायचा. गेले आठ दिवस मात्र ती छाती आत गेली होती.

झालं होतं असं. संदर्भयादीचा एक साचा त्यानं कॉम्प्युटरवर करून ठेवला होता. नमुन्याला कुणाचं तरी नाव हवं, म्हणून गड्यानं बापाचंच घातलं: घुगरे, महालिंग, १९८४, 'गुळाच्या रव्यांचे वजन व ओल', अहवाल. महालिंग मार्केट यार्डात हमाल होता. गुळाची तीस किलोची ढेप, म्हणजे रवा, पाठीवर घेतला की आत ओल आहे का नाही ते तो न फोडता सांगायचा. लिहिण्या-वाचण्याच्या नावानं मात्र शंख. नमुना पुसायचा आणि मग खरी यादी भरायची, ही रीत. सहा वर्षांपूर्वी सुष्मिताच्या लेखात तो पुसायचा राहिला.

सुष्मिता मुरगूडची, तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. लेख गुळावरचाच, त्यामुळं एकोणीस नंबरला बसलेला महालिंग कुणालाच खटकला नाही. तिनंही छापायच्या आधी यादी वाचली नाही. पुढं बाकीच्यांनी तिच्या लेखातून तो संदर्भ उचलला आणि आपापल्या लेखात घातला. आता तिचा लेख छापलेल्या नियतकालिकाच्या संपादकांनी पत्र धाडलं, की या अहवालाची प्रत पाठवा. कॉलेजनं चौकशी समिती नेमली. प्रत मिळाली नाही तर खोटा संदर्भ दिला म्हणून पोरीची नोकरी जाणार होती.

ती दुकानात आली ती रडवेली होऊन. "काका, हे मी कुठं वाचलंय, मलाच आठवत न्हाय. तुमच्या जुन्या फायलीत बघा की."

दुकानावर पाटी 'शिवलीला डीटीपी'ची, याचं आडनाव तिला ठाऊकच नव्हतं. तिनं पुढं केलेल्या यादीत प्रभुलिंगनं बापाचं नाव वाचलं. बघतो, एवढंच तो कसंबसं म्हणाला. खरं सांगावं तर गावभर बोभाटा, मग कोण प्रबंध घेऊन ही पायरी चढणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं आणि जुने पिवळे कागद काढले. १९८४चा अहवाल तयार करणं त्याला दोन तासांचं काम. पहिल्या पानावर बापाचं नाव टाइप केलं आणि तो त्या नावाकडं बघत बसला. बापानं जन्मात ओला रवा कोरडा म्हणून सांगितला नव्हता. प्रभुलिंगनं फाईल पुसून टाकली.

गुरुवारी सुष्मिताच्या चौकशीला तोही समितीपुढं जाऊन उभा राहिला. अध्यक्ष डॉ. विजयसिंह, गुळाच्या अभ्यासातलं जिल्ह्यातलं मोठं नाव.

"ह्यो महालिंग घुगरे माझा बा," प्रभुलिंग म्हणाला. "यार्डात हमाल हुता. सहीबी येत न्हवती, अंगठा करायचा. नाव नमुन्याचं हुतं, पुसायचं माझ्याकडनं राह्यलं."

सुष्मिता त्याच्याकडं बघतच राहिली. विजयसिंह मात्र तापले. चूक टाइप करणाऱ्याची असली म्हणून काय झालं, यादी हिच्या नावावर आहे, आणि न वाचलेलं पुस्तक ज्याच्या यादीत सापडतं त्याला वर्गात उभं राहायचा अधिकार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. आपण बोलून पोरीला वाचवलं तर नाहीच, उलट बुडवलं, असं प्रभुलिंगला वाटून गेलं.

समितीतल्या अनुजा मॅडम तेवढ्यात संपादकांनी पत्राला जोडलेली यादी चाळत होत्या. महालिंगचा हवाला देणारे अकरा लेख होते. सातव्यापाशी त्या थांबल्या.

"सर, हा तुमचा लेख आहे," त्या हळूच म्हणाल्या. "महालिंग घुगरेंचं मत दिलंय तुम्ही. त्यांच्या अहवालाचं पान त्रेचाळीस म्हणून."

विजयसिंहांनी यादी ओढून घेतली, सातवी ओळ वाचली आणि कागद पालथा घातला. ही भीती प्रभुलिंग आठ दिवस आरशात बघत आला होता. त्याच्या तोंडून भीतभीतच निघून गेलं, "सायेब, काय लिवलंय म्हणं माझ्या बानं त्या पानावर?"