पोटावरची ओढणी

चौलच्या सुपारीच्या वाड्या संपून भातखाचरं सुरू होतात, तिथल्या वस्तीत रचनाची अंगणवाडी आहे. लाजणं-बुजणं तिच्या स्वभावातच नव्हतं. नव्या बाळंतिणीला अंगावर पाजायला शिकवताना किंवा जुलाब झालेल्या पोराच्या शीचा रंग विचारताना ती कधी आवाज खाली आणत नसे. "शी म्हटलं की नाक मुरडू नका गं. पोराच्या पोटात काय चाललंय ते तीच सांगते," असं ती आयांच्या बैठकीत ठणकावून सांगायची, आणि बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. वस्तीत तिच्या शब्दाला वजन होतं ते यामुळेच.

तिचा मुलगा सम्यक पाच वर्षांचा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एका सकाळी तो पोट धरून बसला. फराळाचं बाधलं असेल म्हणून तिने बेंबीभोवती हिंग लावला आणि सासूजवळ ठेवून ती कामाला गेली. दुपारी तो हिरवं ओकला तेव्हा मात्र ती कामावरून धावत घरी आली. नवरा दत्ताराम अलिबागला पंचायत समितीत शिपाई. त्याला फोन करून तिने शेजाऱ्याच्या रिक्षातून पोराला अलिबागजवळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं; तो परस्पर तिथेच आला.

तिथल्या डॉक्टर विनिता म्हणजे कमी बोलणारी बाई. त्यांनी पोट चाचपलं, फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, "आतड्याला पीळ पडलाय. आत्ताच उघडावं लागेल."

पिळातला आतड्याचा तुकडा काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. उरलेली टोकं इतकी सुजलेली होती की लगेच जोडणं धोक्याचं होतं. म्हणून एक टोक पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी चिकटवली. "पोरगं वाचलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता अंग धरू दे. मग पुन्हा ऑपरेशन करून आत जोडू. तोवर शी या पिशवीत येईल."

दत्तारामने हात जोडले. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

पिशवी पहिल्यांदा बदलली तेव्हा ती खाटेशीच उभी होती. हेमांगी सिस्टरने चिकटपट्टी हलकेच सोडवली आणि पोराच्या गोऱ्या पोटावर ते लालबुंद, ओलं, फुलासारखं आतड्याचं तोंड दिसलं. त्यातून पातळ शी झिरपत होती. रचनाला उमासा आला. तिने झटकन तोंड फिरवलं आणि ओढणी नाकाला लावली. पुन्हा वळून पाहते तो सम्यक टक्क जागा. तिच्याकडेच बघत होता.

त्या दिवसापासून पिशवी रिकामी करायला दत्ताराम पुढे व्हायचा. कामावरून तडक यायचा आणि हात धुऊन सिस्टरने दाखवलं तसं करायचा. तो नसला की चंदाबाई, म्हणजे सासूबाई, करायच्या. त्या तर पिशवीशी बोलायच्या, "आज लय भरलीस गं बाय, म्हंजे माजा राजा जेवला!" आणि सम्यक खुदकन हसायचा. रचनाही करायची, पण ओठ घट्ट मिटून आणि श्वास रोखून. अंगणवाडीतल्या बैठका तिला आठवायच्या, आणि आपण इतकी वर्षं बोललो ते सगळं पाठ केलेलंच होतं का, असं वाटून ती मनात चरकायची.

वस्तीतून फोन आले की ती सांगायची, "अपेंडिक्स होतं. काढलं. आता बरा आहे." बरा असलेला पोर घरी का येत नाही, याला मग रोज नवं कारण शोधावं लागे. खरं कारण असं की पोराच्या अंगी खाल्लेलं लागत नव्हतं. सगळं पाणी पिशवीतून वाहून जायचं, वजन वाढायचं नाव घेत नव्हतं, आणि सलाईन सुटत नव्हतं. वजन वाढल्याशिवाय दुसरं ऑपरेशन नाही.

सम्यक शहाणा मुलगा. आईला काय नको आहे ते त्याला न सांगता कळलं. कुणी खाटेजवळ आलं की तो चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "झाक." शेजारच्या खाटेवरच्या प्राप्तीने एकदा कुतूहलाने विचारलं, "तुला काय झालंय?" तर हा म्हणाला, "काहीच नाही." रचनाने ते ऐकलं आणि तिला चक्क हायसं वाटलं.

मग एके दिवशी निरोप आला की अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका अमिषा मॅडम वस्तीतल्या चार बायकांना घेऊन भेटायला येताहेत. रचनाचा जीव कासावीस झाला. तिने खिडक्या उघडल्या, अगरबत्ती लावली तर सिस्टरने ती विझवायला लावली. पिशवी शर्टातून फुगलेली दिसत होती. हेमांगी सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पिशवीवर काही बांधायचं नाही, घट्ट कपडा घालायचा नाही. सिस्टर दुसऱ्या खोलीत गेल्याचं पाहून रचनाने आपली सुती ओढणी पोराच्या पोटाभोवती गुंडाळली, आवळली, वर शर्ट ओढला आणि चादर घातली.

"आई, दुखतंय."

"थोडाच वेळ हं, राजा. पाहुणे असताना बोलायचं नाही. आणि शी झाली तरी सांगायचं नाही."

पाहुण्या आल्या, पेरू-चिकू ठेवले, पोराच्या गालाला हात लावून गेल्या. सम्यक हूं की चूं न करता पडून राहिला. अमिषा मॅडम म्हणाल्या, "किती समजूतदार आहे हो!" रचनाची छाती फुलली. त्यांना पोचवायला ती खाली गेली, बाहेरच्या टपरीवर चहा झाला, गप्पा झाल्या. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली. खाटेजवळ चंदाबाई बसल्या होत्या, पाहुण्या यायच्या आधीच नातवासाठी पेज घेऊन आलेल्या.

ती परतली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत सम्यक किंचाळत होता. दाबलेली पिशवी एका बाजूने सुटली होती, आणि पातळ शी ओढणीखाली पोटभर पसरून कातडी भाजल्यासारखी सोलवटली होती. जुन्या टाक्यांपर्यंत सगळं लालभडक. हेमांगी सिस्टर कोमट पाण्याने पुसत होत्या. दत्ताराम नुकताच येऊन पोराचे हात धरून उभा होता. पिवळी पडलेली ओढणी तसराळ्यात पडली होती.

"हे बांधलं कुणी?" सिस्टर कडाडल्या. "मी किती वेळा सांगितलंय!"

रचनाच्या तोंडून शब्द आले ते असे, "मी खाली गेले होते."

ते खोटं नव्हतं. पण दत्तारामने त्याचा जो अर्थ लावायचा तोच लावला. तो आईकडे वळला. "आये, तू बांधलंस?"

चंदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. क्षणभरच. ती ओढणी कुणाची हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग त्या खाली बघून म्हणाल्या, "व्हय. झाली चूक."

"कळत न्हाय तर हात कशाला लावतेस? जा तू घरी. आता येऊ नको हितं!"

चंदाबाईंनी पेजेचा डबा पिशवीत घातला, नातवाच्या पायाला हात लावला आणि त्या एसटीला गेल्या. रचना पडद्याची कड धरून उभी राहिली. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं करता करता सासूची पाठ जिन्यावरून दिसेनाशी झाली.

जखमेत पू झाला. ताप चढला. ठरत आलेलं ऑपरेशन पुढे गेलं. पुन्हा सलाईन, पुन्हा सुया, आणि कातडी भरून येईपर्यंत रोजची ती आग. पिशवी चिकटवायला कोरडी जागाच उरली नव्हती. सम्यक घसा बसेपर्यंत रडायचा आणि विचारायचा, "आजी कुठाय?" रचना म्हणायची, "येईल." दत्ताराम म्हणायचा, "नको तिचं नाव." प्रत्येक वेळी तिच्या काळजात कुसळ रुतायचं, आणि प्रत्येक वेळी ती सांगणं उद्यावर ढकलायची. आता ती पिशवी स्वतः रिकामी करायची, तोंड न फिरवता. पण त्यानेही आतली टोचणी कमी होत नव्हती. पोराचं पोट पुसताना तिला त्याच्या डोळ्यांत बघवत नसे.

शेवटी ते बोलला सम्यकच. हेमांगी सिस्टर मलम लावत होत्या, दत्ताराम उशाशी होता. सिस्टर सहज म्हणाल्या, "आता कुणाला बांधू द्यायचं नाही हं, आजीलासुद्धा."

"आजीने नाही बांधलं," सम्यक म्हणाला. "आईने बांधलं. आजीने सोडलं. मी आजीला पण सांगितलं नव्हतं शी झाली ते. आजीला वास आला म्हणून तिने चादर काढली." मग आपलं काही चुकलं की काय असं वाटून तो आईकडे बघत घाईघाईने म्हणाला, "पण पाहुणे असताना मी काहीच नाही बोललो ना गं?"

रचनाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. दत्ताराम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. चप्पल घातली आणि चौलला गेला.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. चंदाबाईंच्या हातात तोच पेजेचा डबा होता. रचना जिन्यातच त्यांच्या पाया पडायला वाकली, तसे त्यांनी तिचे दंड धरून तिला उभं केलं.

"आई, तुम्ही माझ्यासाठी बोलणी खाल्लीत."

"तुज्यासाठी न्हाय," चंदाबाई सरळ म्हणाल्या. "पोर सगळं ऐकत व्हता. त्येच्यासमोर त्येच्या आयशीला कुनी बोलू ने, म्हनून गप ऱ्हायले. तुजा राग हाय मला. लय हाय." आणि त्या तिला ओलांडून नातवाकडे गेल्या.

रचनाने डॉक्टर विनितांना गाठून सगळं सांगितलं. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "लपवलंत म्हणून हे झालं. आता निदान आमच्यापासून काही लपवू नका." एवढंच. वस्तीतल्या बायकांनाही तिने फोन करून पिशवीचं खरं काय ते सांगितलं. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाली, "आमाला कशाला चोरलंस गं? आमी काय नाक मुरडनार व्हतो?" त्या हसल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

उन्हाळा लागायच्या सुमारास दुसरं ऑपरेशन झालं आणि आतडं जोडलं गेलं. काही दिवसांनी सम्यकला नेहमीसारखी शी झाली तेव्हा दत्तारामने अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. रचनालाही एक दिला, तिच्या हातावर न ठेवता खाटेच्या कडेवर ठेवून.

पोर घरी आला, धावू लागला, पानातलं चाटूनपुसून खाऊ लागला. पण अंगातला शर्ट काढेना. उकाड्यातही नाही. रेवदंड्याला समुद्रावर नेलं तर बाकीची पोरं उघडी लाटांत लोळत होती आणि हा शर्टाची कड मुठीत धरून वाळूत उभा. आंघोळीला फक्त आजी चालायची. रचना न्हाणीच्या दाराशी गरम पाण्याची बादली ठेवायची आणि बाजूला व्हायची. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा.

अंगणवाडीत ती अजून बैठका घेते. शीचा विषय निघाला की हल्ली तिचा आवाज मध्येच खाली येतो, बायका वाट बघतात, मग ती पुढे बोलते.

परवा चंदाबाई भाजी आणायला गेल्या होत्या. न्हाणीतून हाक आली, "आई, साबण पोचत नाही." ती दारात थबकली. सम्यक भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळवे पोटावर दाबून उभा होता.

"पाठीला लाव," तो म्हणाला. "पाठीलाच."

"बरं," ती म्हणाली, आणि खाली बसून त्याच्या पाठीला साबण लावू लागली.