सलाईनचं चाक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, भावाला नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होतं, ती मागच्या पोळ्यानंतर गेली. मी चौथी शिकलेला माणूस, वाकडंतिकडं लिहीन. वाचून घ्या.

आधी चांगलं सांगतो. माझी नात जयू आता दहा वर्षांची आहे. दांडगी! कळण्याच्या दोन भाकरी ठेच्यासंगं खाते आणि तिसरीकडं बघते. काल चिंचेवर चढून बसली. खाली उतर म्हटलं तर वरून मलाच म्हणते, "आबा, तूच वर ये ना!" अशी पोर घरात असली की म्हाताऱ्या माणसाला रडत बसायला तरी सवड मिळते का?

ही जयू दीड वर्षाची असताना तिला मी आणि बायकोनं जळगावच्या दवाखान्यात नेलं. तिची आई काविळीनं घरी पडलेली, बाप तिच्याजवळ. पोरीच्या अंगावर आधीच मांस नव्हतं, त्यात हगवण लागली. हातपाय गार. डोळे उघडे, पण बघणं नाही. नर्सबाईंनी सलाईन लावलं. एक थेंब... मग दुसरा... दोन थेंबांच्या मधे माझाच जीव जायचा. बाई म्हणाल्या, "आबा, हळूच जाऊ द्यायचं. उपाशी लेकराचं काळीज अशक्त असतं, एकदम पाणी झेपत नाही." आणि घड्याळ धरून पोरीचा श्वास मोजायच्या. पुन्हा पुन्हा.

मी ऐकलं. पटलं का? नाही पटलं. मी जन्मभर धरणगावकडं दुसऱ्याच्या वावरात ठिबक सांभाळलं. कापसानं मान टाकली की पाण्याचा कॉक पुरा खोलायचा, संध्याकाळपर्यंत झाड उभं. माणसाचं वेगळं काय असणार? मला वाटलं — गरिबाचं पोर, म्हणून हात आखडता घेतात.

दुपार होती. म्हातारी, म्हणजे माझी बायको, दोन दिवसांची जागी. खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपली होती, हात नळीजवळ पडलेला. बाई शेजारच्या खाटेकडं वळल्या. नळीवर ते छोटं चाक असतं ना — ते मी फिरवलं. थेंबांची धार झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

थोड्या वेळानं पोर धापा टाकायला लागली. नाकपुड्या उडायला लागल्या. बाई धावत आल्या, चाक बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली. "कोणी हात लावला याला?"

मी बायकोकडं बघितलं — बस, तेवढंच. ती दचकून उठलेली. आपलाच हात लागला असेल असं धरून, हाताकडं बघत म्हणाली, "मना हात लागना व्हई, बाई. झोपमा."

पोर वाचली. दुसऱ्या दिवशी चमच्यानं दूध घेतलं. आठवड्यानं नर्सबाईंचा कान धरून असा ओढला की अख्खा वॉर्ड हसला! त्या बाई तर सगळ्यांत जास्त. घरी आलो तर गल्लीनं पेढे मागून खाल्ले. पुढं घरात एक गंमतच झाली — आजीनं सलाईन पळवलं, म्हणून जयू एवढी पळते. म्हातारीही हसायची. "हाऽ, मनाच हात! म्हनीसन ती इतली वांड शे." मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं.

पण त्या दिवसापासून तिनं पोरीला कधी औषध पाजलं नाही. बाटली माझ्याकडं सरकवायची. "तुमीच पाजा. तुमना हात सावध शे."

आणि मी पाजायचो.

शेवटच्या दुखण्यात तिलाही सलाईन लावलं. मोकळा हात तिनं पदराखाली दाबून धरलेला. थंडी वाजते का, विचारलं. म्हणाली, "नही. हात लागी जाई कोठे." तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? मी तिच्यावर गोधडी ओढली.

जयू आता अंगणातून हाका मारते आहे. चिंचा पाडल्यात, ओटीभर. तिला ती गंमत अजून आवडते, येईल त्याला सांगते.

तो हात माझा होता. मी जागा होतो.