जिले पाडलं, तीच मारीन

सुलतानपूरच्या पुष्पांजलीबाई सकाळी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधतात आणि दुपारी कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहतात. अठरा वर्षांत त्यांची शिट्टी कुणाच्या भिडेखातर अडली नाही. पंचाच्या वाट्याला शिव्याच येतात, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

त्या दिवशी बुलढाण्याच्या मैदानावर प्रतीक्षा नावाची किडकिडीत पोरगी चेंडू घेऊन एकटीच बास्केटकडे सुटली. समोरच्या संघातल्या एकीने मागून तिचा दंड धरला आणि तिला सरळ खाली आपटलं. चेंडूला हात लावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. बाईंची शिट्टी कडाडली. खिलाडूपणा सोडून केलेला फाउल! दोन फ्री थ्रो, आणि वर चेंडूही प्रतीक्षाच्याच संघाला.

तेवढ्यात तिची कॅप्टन पुढे आली. "मॅडम, तिले जमत नाही. मी मारतो."

"काऊन? तुले पाडलं का?" बाई खेकसल्या. "जिले पाडलं, तीच मारीन. अन् बाकीच्या साऱ्या मांगं व्हा!" अशा फाउलला बास्केटजवळ दुसऱ्या कुणी थांबायचं नसतं.

प्रतीक्षा एकटीच रेषेवर जाऊन उभी राहिली. पहिला चेंडू कडीवर आपटून बाहेर गेला, दुसरा आत पडला. तरी सामना हातचा गेलाच.

बाई सामान आवरत होत्या, तेव्हा प्रतीक्षा येऊन त्यांच्या पाया पडली.

"हरल्यावर कोणी पंचाच्या पाया पडते का वं?"

"मॅडम," ती म्हणाली, "सारे मांगं अन् मी समोर, असं माह्या जिंदगीत आजच झालं."