पुंजाजी डायवर आणि तीन गाड्या

संग्रामपूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी सिस्टर म्हणून रुजू झाले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी आम्ही मोहपाटीला निघालो. सातपुड्याच्या पायथ्यापासून सात-आठ किलोमीटर आत चढत गेलेलं हे गाव. तिथल्या बाळांना डोस पाजायचे होते. वाटेत नाला आला. ड्रायव्हरने जीप थांबवली, चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आम्हाला एक शब्द न सांगता तो पाण्यात उतरला. चांगली दहा मिनिटं तो नाल्यात पायाने चाचपत इकडून तिकडे फिरत होता. मी मेहकरची. आमच्याकडचे ड्रायव्हर नाला दिसला की हॉर्न वाजवतात आणि देवाचं नाव घेऊन गाडी घालतात. मी डोकं बाहेर काढून विचारलं, "अहो, काही हरवलं का?"

"रस्ता हरवला, शिष्टरबाई," ते शांतपणे म्हणाले. "मागच्या हप्त्यात इथीच होता. पाण्यानं नेला. कुठी नेऊन ठेवला थे पाहून राह्यलो."

हे पुंजाजीभाऊ. ठेंगणे, काटक, मिशा पांढऱ्या आणि भुवया मात्र काळ्याभोर. त्यांचा बाप गुरांच्या बाजारात दलाल होता. मुलाने धंदा सोडला, पण नजर काही सोडली नाही. कुठलीही गाडी समोर आली की ते तिच्याभोवती एक फेरी मारत, टायरच्या नक्षीत बोट घालत आणि म्हणत, "दात चांगले हायेत." मग खाली वाकून पोट जमिनीपासून किती वर आहे ते वितीने मोजत. एकदा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांच्या चकचकीत गाडीखाली ते असेच वाकले होते. साहेबांनी विचारलं, "काय, आवडली का?" पुंजाजीभाऊ म्हणाले, "दिसाले झकास हाय साहेब. पन पोट लोंबते. डोंगरात नका नेऊ, गाभण वाटते." साहेब हसले, आमच्या डॉक्टरांना मात्र घाम फुटला.

त्यांची स्वतःची जीप म्हणजे कपिला. होती सरकारी, पण ते सांगायची कोणाची छाती नव्हती. बावीस वर्षं त्यांनी ती चालवली. मोहपाटीच्या अडलेल्या बायकांना रात्री-अपरात्री हीच खाली आणायची, आणि मी आल्यापासून मागे त्यांच्या उशाशी मी बसायची. चिखल आला की खाली उतरून पुढच्या चाकांचे खटके हाताने फिरवायचे, मग लहान दांडा ओढायचा, तेव्हा कुठे चारही चाकं ओढायला लागत. पोळ्याला गावात बैल सजत, तशी कपिलाही सजे. बोनेटला गेरू, आरशांना घुंगरांची माळ, आणि पुरणपोळीचा नैवेद्य. पोळी अर्थातच नंतर पुंजाजीभाऊ खात. "थिले दात नाईत बाई, मी चावून देतो," असं म्हणायचे. एकदा मी विचारलं की जीप म्हातारी झाली, बदलून का मागत नाही? तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी बदलायची वेळ आलीच. एका ट्रस्टने मोहपाटीच्या बाळंतिणींसाठी एक गाडी द्यायची तयारी दाखवली. दोन वेगळ्या फोर-बाय-फोर गाड्या पाहायला पाठवल्या आणि खामगावचे रफिकभाई हे ड्रायव्हरही सोबत दिले. आमच्या डॉक्टरांनी तिसरा पर्याय ठेवला: दोन्ही नापास झाल्या, तर ट्रस्टने कपिलालाच नवं इंजिन घालून द्यावं. नाहीतर कपिला भंगारात. अहवाल मी लिहायचा होता. पुंजाजीभाऊंना झोप लागेना.

पोळा होऊन आठवडा झाला होता. पाऊस थांबला होता, पण काळी माती अजून पायाला धरून ठेवत होती. गाड्या तोलायची पुंजाजीभाऊंची एक खास रीत होती. स्टीलचा पेला काठोकाठ ताकाने भरायचा आणि स्टिअरिंगशेजारी, जुन्या ट्यूबच्या कड्यात बसवायचा. मोहपाटीला पोचल्यावर पेल्यात जेवढं ताक, तेवढे गुण. "पेल्यात ताक राहते तं पोटात लेकरू राहते," हा त्यांचा सिद्धांत. गाड्या तीनही तेच चालवणार, म्हणजे हात एकच.

पहिल्या दिवशी छोटी गाडी. तिला बघताक्षणी त्यांनी बकरी म्हटलं आणि तेच नाव पडलं. खरोखर बकरीच होती. अंगाने हलकी, चाकं बारीक, त्यामुळे चिखल कापून खालच्या मुरमाला धरायची. दगडांवरून तर टणाटण उड्या मारत गेली. कुठेही अडली नाही. पण पेल्यात दोन घोट उरले होते, बाकीचं ताक रफिकभाईंच्या शर्टावर. शिवाय मागे स्ट्रेचर ठेवला, तर दार लागेना. "बाईचे पाय बाहेर ठेवावे लागतीन," पुंजाजीभाऊ आनंदाने म्हणाले. "लिहा. नापास."

दुसऱ्या दिवशी मोठी. तिचं नाव म्हैस. एसी, बटणं, गादीसारख्या सीटा. चढावर बटण दाबलं की चाकं आपली आपण सांभाळून घेत. पुंजाजीभाऊंना तो सरळ अपमान वाटला. पण काळ्या मातीत तिची रुंद चाकं चिखलाने भरून लाडवासारखी गुळगुळीत झाली, आणि नाल्याच्या उभ्या काठावर तर तिचं लांब पोट असं टेकलं, की पुढची चाकं हवेत आणि मागची पाण्यात. गावातून बैलजोडी आणून ओढावी लागली. पेल्यात मात्र पाऊण पेला ताक शिल्लक.

"चचा, ये तो सिर्फ किनारे की गलती है," रफिकभाई म्हणाले.

"किनारा कुठी जाऊन राह्यला का?" पुंजाजीभाऊ म्हणाले. "म्हैस पान्यात बसली, आता संध्याकायपर्यंत उठत नसते. लिहा बाई."

तिसऱ्या दिवशी कपिला. तिला आदल्या दिवशी न्हाऊ घातलं होतं. चाकांमधली हवा थोडी कमी केली होती, आणि नाला तर त्यांनी पहाटेच पायाने पाहून ठेवला होता. कपिला गेली बुवा! चिखलातून, दगडांतून, काठावरून, एकदाही न कुरकुरता. मोहपाटीच्या पारापाशी पुंजाजीभाऊंनी पेला उंच धरला. अर्धा भरलेला. "अर्धा पेला, अन् कुठीच अटकली नाई! हाय का कोनी?"

पारावर सुमरीबाई बसली होती. मोहपाटीची दाई, वय तिलाही ठाऊक नसेल. तिने पेला मागून घेतला आणि सगळं ताक पिऊन टाकलं. तोंड पुसून म्हणाली, "डायवर, पेला कुठी ठेवला होता?"

"इथी, माह्यापाशी. पुढं."

"बाई तं मागं निजते."

पुंजाजीभाऊंनी वळून मागच्या फळीकडे पाहिलं.

"तू कधी मागं निजला का?" तिने विचारलं.

बावीस वर्षांत ते जीपच्या मागच्या फळीवर कधी बसलेसुद्धा नव्हते. कशाला बसतील? त्यांनी तिथल्या तिथे चपला काढल्या, फळीवर चादर टाकून आडवे झाले आणि रफिकभाईंना म्हणाले, "चालवा. सांभाळून नका चालवू, मी चालवतो तशी चालवा." मी माझ्या नेहमीच्या जागी, त्यांच्या उशाशी बसले.

पहिला अर्धा किलोमीटर त्यांनी थट्टा केली. "शिष्टरबाई, मुलगा झाला तं नाव रफिक ठेवू." मग दगड सुरू झाले. मागच्या चाकांवरच्या त्या जुन्या कमानी-स्प्रिंगांचा प्रत्येक दणका सरळ फळीत येत होता, फळीतून पाठीत. उतारावर त्यांनी माझं मनगट पकडलं. नेमकं तिथेच, तसंच, कळा देणाऱ्या सगळ्या बायका पकडायच्या.

नाल्याशी रफिकभाईंनी जीप थांबवली. पुंजाजीभाऊ कण्हत उतरले आणि दगडावर बसले.

"तुमी इतके वर्षं मागंच बसता," ते म्हणाले. "मले काऊन नाई सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटायचं, त्या कळांनी ओरडतात."

"मले बी थेच वाटे," ते म्हणाले. कपिलाच्या पत्र्यावर त्यांनी हात ठेवला, पण थोपटला नाही. "लिहा बाई. कपिला नापास."

दुसऱ्या दिवशी ते हट्टाने म्हशीत मागच्या बाजूला आडवे झाले, आणि उतरताना मान हलवून म्हणाले, "झोप लागली असती. लिहा बाई, म्हैस पास." मग कामाला लागले. ट्रस्टकडून बारीक, खोल नक्षीची टायरं मागवली. मोहपाटीची माणसं गोळा केली, आणि स्वतः कुदळ घेऊन चार दिवसांत नाल्याचा काठ असा उतरता केला, की म्हशीचं पोट टेकू नये. गाडीला बावीस वर्षं रस्त्याप्रमाणे चालवणारा माणूस आता गाडीप्रमाणे रस्ता तासत होता. कपिला लिलावात गेली, त्या दिवशी ते रजेवर होते. ती कोणी नेली हे त्यांनी विचारलं नाही.

निवृत्तीच्या आधी ते मला घेऊन पायी मोहपाटीला गेले. ज्यांना ज्यांना त्यांनी कपिलातून नेलं होतं, त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. पहिली होती रुखमा. "बाई, तुले लय लागलं असन त्या गाडीत," ते म्हणाले. "मले समजलंच नाई. तू बोलली काऊन नाई?"

रुखमा लाजली. "भाऊ, तुमी रात नाई म्हनली, पानी नाई म्हनलं, येत होते. येनाऱ्याच्या गाडीले कोन नावं ठेवते?"

पुंजाजीभाऊ रडले. तिथेच, दारात, लहान मुलासारखे. मग डोळे पुसून तिला रागावले, "ठेवत जा! नावं ठेवत जा. डायवर पुढं पाहते, त्याले मागचं काय दिसते? तुमी बोंबलल्याशिवाय त्याले समजत नाई." प्रत्येक दारात त्यांनी हेच सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पुंजाजीभाऊंना जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हैस रफिकभाई चालवतात. गेल्या महिन्यात रुखमाच्या धाकट्या जावेला घेऊन आम्ही उतरत होतो. एका खड्ड्यात चाक आदळलं आणि तिने म्हशीला, रफिकभाईंना, मला आणि ज्याने हा डोंगर इथे आणून ठेवला त्याला अशा एकेक शिव्या हासडल्या, की मी सिस्टर असून लाल झाले. रफिकभाईंनी गाडी उभी केली, मागे वळून विचारलं, "कुठी लागलं, बाई?" आणि पुढचा उतार अगदी पावलापावलाने घेतला.

पुंजाजीभाऊ, त्या शिव्या ऐकायला तुम्ही हवे होतात.