पडल्या पडल्या जळणाऱ्या कॅलरी

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात एक आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या. माझं वय, उंची, वजन विचारून त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर नुसते पडून राहिलात तरी शरीर साधारण पंधराशे कॅलरी जाळतं. श्वास, हृदय, मेंदू, सगळं चालूच असतं ना!" लहानपणापासून आळशी म्हणून बोलणी खाल्लेल्या मला हे ऐकून केवढा आनंद झाला!

रविवारी दुपारी मी ऐटीत कूलरसमोर आडवा झालो. आई भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. ती खेकसली, "काय करून राहिला गा?"

"कॅलरी जाळून राहिलो."

तिला ती थट्टा वाटली, म्हणून मी सगळं नीट समजावून सांगितलं. ती विचारात पडली. "म्हणजे पडल्या पडल्याही माणूस काम करून राहते?"

"हो. चोवीस तास."

तिनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं, हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन पडली. दुपारी आडवी झालेली आई मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. डोळे मिटून ती म्हणाली, "कोणी आलं तर सांगजो, आई कामात आहे."